ही धून तुला कुणी दिली?

'रील' हा शब्द ऐकला की हल्ली घराघरांत आई-वडिलांच्या कपाळावर आठ्या उमटतात. चिरंजीव ताटावर बसलेत, भाजी निवत चाललीय आणि डोकं मोबाइलमध्ये! 'काय बघतोयस एवढं?' 'काही नाही, एक रील.' आधीच्या पिढीला रील म्हटलं की शिवणाचा दोरा आठवायचा, नाहीतर थिएटरात ऐन रंगात तुटणारी सिनेमाची फीत. पण युरोपच्या पश्चिम टोकाला एक बेट आहे, आपल्या महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून थोडंसं मोठं. त्या आयर्लंडमध्ये रील म्हणजे नाचाची धून. गंमत बघा, ही धून एकदा वाजवून व्हायला साधारण पस्तीस सेकंद लागतात. म्हणजे मोबाइलवरच्या रीलएवढीच! फरक इतकाच, की मोबाइलवरची रील अंगठ्याच्या एका फटक्यासरशी विसरली जाते आणि ही पस्तीस सेकंदांची धून माणसं दोन-दोनशे वर्षं एकमेकांच्या हाती सोपवत आली आहेत.

ती कशी सोपवतात, हे मोठं मजेदार प्रकरण आहे.

रीलची रचना अगदी साधी. चार मात्रांचे आठ तुकडे मिळून एक भाग होतो. असे दोन भाग. पहिला भाग दोनदा, मग दुसरा दोनदा, की झालं एक आवर्तन. काही धुना मोठ्या असतात. 'द बक्स ऑफ ओरनमोर' या गाजलेल्या रीलचे पाच भाग आहेत. पण एरवी मामला दोन भागांचा. रील मूळची स्कॉटलंडची. अठराव्या शतकात ती समुद्र ओलांडून आयर्लंडमध्ये आली आणि तिथे अशी रमली की आज माहेर विसरायला झालंय. 'मिस मॅक्लाउड' ही आयर्लंडभर वाजणारी रील मूळची स्कॉटिशच. अशा धुना हजारोंनी आहेत आणि मुरलेल्या वादकाला त्यातल्या शेकडो तोंडपाठ असतात. समोर कागद नसतो. कागद उघडून बसणाऱ्याकडे लोक जरा वळून बघतात.

हे वादन जिथे चालतं त्याला 'सेशन' म्हणतात. आपण बैठक म्हणू. पबच्या एका कोपऱ्यात टेबलाभोवती सात-आठ वादक गोल करून बसलेले. पब म्हटल्यावर आपल्याकडचा अंधारा बार डोळ्यांपुढे आणू नका. आयर्लंडमधल्या खेड्यातला पब म्हणजे गावचा पार, चहाची टपरी आणि चावडी यांचं मिश्रण. संध्याकाळच्या वेळी तिथे आजोबाही असतात आणि नातवंडंही. मंच नाही, निवेदक नाही. वादकांची तोंडं एकमेकांकडे, पाठ गिऱ्हाइकांकडे! ऐकायचं त्यानं ऐकावं, गप्पा मारायच्या त्यानं माराव्यात.

कुणाच्या हातात फिडल असतं, म्हणजे आपलं व्हायोलिनच. कुणाकडे लाकडी बासरी, कुणाकडे पत्र्याची छोटी शिटीवजा बासरी. एखाद्याच्या काखेत इलिन पाइप्स. हे तोंडानं न फुंकता कोपरानं भाता दाबून वाजवायचं वाद्य, 'इलिन' म्हणजे कोपरच. २०१७ साली त्याच्या वादनाला युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत मान मिळाला. शिवाय ॲकॉर्डियन आणि कॉन्सर्टिना ही दोन वाद्यं आपल्या बाजाच्या पेटीच्या कुळातली. हवेनं थरथरणाऱ्या पत्तीतून सूर काढणारी.

आणि हे सगळे मिळून एकच धून वाजवतात. एकाच वेळी, एकाच लयीत. एकानं मुख्य आणि बाकीच्यांनी साथ, असला भेद नाही. आधी मला हे जरा एकसुरी वाटायचं. मग कान सरावला की कळतं, प्रत्येक जण तीच ओळ आपापल्या हातानं वाजवतोय. फिडलवाला एका जागी छोटीशी मुरकी घेतो, बासरीवाला तिथेच श्वास घेण्यासाठी एक सूर गाळतो, कॉन्सर्टिनावाली बाई दुसऱ्या फेरीत शेवट थोडा वळवते. रस्ता एक, पण चाल प्रत्येकाची वेगळी. एक रील दोन-तीनदा झाली की कुणीतरी नजर वर उचलतो आणि क्षणात सगळे दुसऱ्या रीलमध्ये शिरतात. अशा तीन धुनांची माळ एका दमात होते. मग गप्पा, घोटभर काहीतरी, आणि पुन्हा कुणीतरी पहिला सूर लावतो.

या बैठकीचे नियम कुठे लिहून ठेवलेले नाहीत, पण मोडले की कळतात. नव्या माणसानं आधी बसून ऐकावं, लगेच वाद्य काढू नये. धून येत नसेल तर गप्प बसावं. अंदाजानं सूर जुळवत राहणं हा मोठा अपराध. गिटारवाला एक पुरे, आणि बाउरॉन वाजवणाराही एकच हवा. बाउरॉन म्हणजे बकऱ्याच्या कातड्याचा डफ, छोट्या काठीनं वाजवायचा. लोकांना वाटतं, याला काय शिकायचंय, आणि म्हणून ज्याला काही येत नाही तो बाउरॉन घेऊन येतो. 'हे वाद्य वाजवायचं सर्वांत चांगलं साधन म्हणजे धारदार चाकू,' असा विनोद थोर पाइपवादक शेमस एनिस यांच्या नावावर आजही सांगितला जातो.

धून संपते. मग नवखा हळूच विचारतो, 'कुठली हो ही?' उत्तर बहुतेक वेळा असं मिळतं: 'नाव काय कोण जाणे, पण मला अमक्याकडून मिळाली.' हा 'मिळाली' शब्द महत्त्वाचा. जुना आयरिश वादक धून 'शिकलो' असं क्वचित म्हणतो. ती त्याला कुणाकडून तरी 'मिळालेली' असते, एखाद्या शेजाऱ्याकडून, मावशीकडून, जत्रेत भेटलेल्या पाइपवाल्याकडून. धुनेचं नाव विसरलं तरी चालतं, देणाऱ्याचं नाव विसरणं बरं दिसत नाही.

नावांचा तर तिथे असा गोंधळ आहे की विचारू नका. एकच रील क्लेअरमध्ये एका नावानं, स्लायगोमध्ये दुसऱ्या. उलट एकाच नावाच्या चार वेगवेगळ्या धुना. ज्याच्याकडून ऐकली त्याचंच नाव पुष्कळदा धुनेला चिकटतं. आणि नाव मुळीच माहीत नसेल तर ध्वनिमुद्रिकेवर चक्क आयरिश भाषेत 'निनावी' असं छापून मोकळे होतात! पूर्व गॅलवेतले शेतकरी पॅडी फाही यांनी कितीतरी सुंदर धुना रचल्या आणि एकीचंही बारसं केलं नाही. २०१९ साली ते गेले. त्यांच्या सगळ्या रील आज 'पॅडी फाहींची' याच नावानं वाजतात. कुठली पॅडी फाहींची? तर वाजवून दाखवायची! ब्रेंडन ब्रानाख या अभ्यासू सरकारी नोकरानं म्हणूनच नावांचा नाद सोडला. धुनेच्या सुरुवातीच्या सुरांना आकडे देऊन त्यानं सूची बनवली आणि त्या आकड्यांवरून तो धून ओळखायचा. त्याच्या नृत्यधुनांच्या संग्रहाचा पहिला खंड १९६३ साली निघाला.

हे देणंघेणं मुळात पबमध्ये नव्हे, स्वयंपाकघरात चालायचं. खेड्यातल्या घरात चूल असलेली खोली हीच सर्वांत मोठी. रात्री शेजारीपाजारी जमायचे, टेबल भिंतीला लागायचं आणि दगडी फरशीवर नाच सुरू व्हायचा. लग्न असो, सुगी असो, नाहीतर कुणी परदेशी निघालेलं असो. या शेवटच्या प्रसंगाला 'अमेरिकन वेक' म्हणत. 'वेक' म्हणजे मयताशेजारी रात्रभर जागणं. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात दहा लाख माणसं मेली, त्याहून अधिक देश सोडून गेली, आणि ही रीघ पुढे शंभर वर्षं थांबली नाही. बोटीनं गेलेलं पोर परत दिसायचं नाही, हे आई-बापांना पक्कं ठाऊक असायचं. म्हणून जिवंत माणसासाठी मयताचं जागरण! रात्रभर रील वाजायच्या, लोक नाचायचे, मध्येच रडायचे आणि उजाडलं की सगळे मिळून पोराला वेशीपर्यंत सोडायला जायचे. त्या पोराच्या ट्रंकेत फारसं काही नसे. डोक्यात धुना असत.

शिकवणारेही एकेक वल्ली. कॉर्क आणि केरी या परगण्यांच्या सीमेवर श्लीव लूखरा नावाचा डोंगराळ, पाणथळ टापू आहे. तिथले पॅड्रिग ओकीफ हे (१८८७ ते १९६३) शाळामास्तर. दारूपायी आणि बेशिस्तीपायी मास्तरकी गेली आणि त्यानंतर चाळीसेक वर्षं या माणसानं पायी हिंडून शेतकऱ्यांच्या घरी फिडल शिकवलं. मैलोन् मैल चालत जायचं, चुलीपाशी बसायचं, शिष्याच्याच फिडलवर वाजवून दाखवायचं. शिष्यांना स्वरलिपी कुठून येणार? मग मास्तरांनी स्वतःची लिपी काढली. स्वरलिपीच्या पाच रेघांमधल्या चार मोकळ्या जागा म्हणजे फिडलच्या चार तारा, आणि त्यात लिहिलेला आकडा म्हणजे कुठलं बोट ठेवायचं ते. शून्य म्हणजे मोकळी तार. ॲकॉर्डियन शिकणाऱ्यांसाठी वेगळी खूण-पद्धत. धून लिहून द्यायची आणि निघायचं. पुढच्या खेपेपर्यंत ती हातात बसलेली हवी. शेतावर राबून आलेली पोरं दिव्याच्या उजेडात त्या कागदावर बोटं टेकवत बसायची. मास्तरांच्या हातचे ते कागद कितीतरी घरांनी जपून ठेवले. डेनिस मर्फी आणि ज्युलिया क्लिफर्ड हे भाऊ-बहीण त्यांचे सर्वांत नावाजलेले शिष्य. ज्युलियाबाई पुढे लंडनला गेल्या आणि तिथेही मास्तरांच्या धुना वाजवत राहिल्या.

बायकांचा विषय निघालाच आहे तर मिसेस क्रॉटींबद्दल सांगायलाच हवं. क्लेअर परगण्यात कॉन्सर्टिना घरोघर असे आणि ती पुष्कळदा घरच्या बाईच्या हातात असे. किलरश गावच्या एलिझाबेथ क्रॉटी (१८८५ ते १९६०) नवऱ्याबरोबर पब चालवायच्या आणि कामं उरकली की कॉन्सर्टिना घेऊन बसायच्या. आयर्लंडच्या रेडिओनं त्यांचं वादन उतरवून घेतलं आणि म्हाताऱ्या वयात त्या देशभर ठाऊक झाल्या. तरी आजही संगीतवाल्या मंडळींत त्यांचं नाव निघतं ते 'मिसेस क्रॉटी' असंच, वाड्यातल्या एखाद्या काकूंचं निघावं तसं.

मग १९३५ साली आयर्लंडच्या सरकारनं नाचाच्या जागांसाठी परवान्याचा कायदा आणला. मुलामुलींच्या एकत्र नाचानं समाज बिघडतो, असा धर्मगुरूंचा धोशा होता. कायदा बोलत होता सार्वजनिक नाचघरांबद्दल, पण पोलीस आणि पाद्री घराघरांतल्या नाचांवर आणि चव्हाट्यावरच्या नाचांवरही तुटून पडले. नाच हलला परवानेवाल्या हॉलमध्ये, तिथे मोठे बँड आले आणि चुलीपाशी वाजवणाऱ्या म्हाताऱ्या फिडलवाल्याला कुणी विचारेनासं झालं. पश्चिम क्लेअरचे फिडलवादक ज्युनिअर क्रेहन नव्वदीपर्यंत जगले, आणि या कायद्याबद्दलची त्यांची कटुता अखेरपर्यंत गेली नाही. माझं मत विचाराल तर, दुष्काळानं या संगीताची माणसं नेली. या कायद्यानं त्याचं घर नेलं. दुसरा घाव अधिक शांतपणे बसला, एवढंच.

घर गेलं ते सापडलं परमुलखात. दुसऱ्या महायुद्धानंतर लंडन पुन्हा बांधायला हजारो आयरिश मजूर गेले. भाड्याच्या एका खोलीत चौघे-चौघे. तिथे फिडल काढलं तर घरमालकीण दार ठोठावणार. मग ही मंडळी शनिवारी-रविवारी कँम्डन टाउन, केंटिश टाउनच्या पबांमध्ये जमू लागली. केरीचा गवंडी, स्लायगोचा खोदकाम करणारा, गॅलवेची परिचारिका. गावी असते तर जन्मात एकमेकांना भेटले नसते. आता एका टेबलाभोवती बसून ते आपापल्या परगण्यातल्या धुना एकमेकांना देऊ लागले. आज जिला 'अस्सल पुरातन आयरिश' समजून पर्यटक बघायला जातात ती पबमधली बैठक अशी परदेशात रुजली. आयर्लंडमध्ये १९५१ साली मलिंगार गावी पारंपरिक वादकांची मोठी संघटना स्थापन झाली, वार्षिक संगीतजत्रा भरू लागल्या आणि १९६० च्या दशकात तिथल्या पबांमध्येही ही पद्धत पसरली.

पुस्तकं आणि तबकड्या यांचं काय, असं तुम्ही विचाराल. दोन्हींची मुळं अमेरिकेत. फ्रान्सिस ओनील हा कॉर्कचा मुलगा घरातून पळून जहाजावर चढला, जगभर फिरला आणि १९०१ साली शिकागो शहराचा पोलीसप्रमुख झाला! पोलिसात आयरिश माणसं भरपूर. हा साहेब त्यांच्याकडून धुना गोळा करायचा. स्वतःला स्वर लिहिता येईनात, म्हणून जेम्स ओनील या आडनावबंधू पोलिसाला वाजवून दाखवायचा आणि तो उतरवून घ्यायचा. १९०३ साली १,८५० धुनांचा ग्रंथ निघाला. 

तबकड्यांचा राजा मायकेल कोलमन. स्लायगोचा हा फिडलवादक १९१४ साली अमेरिकेला गेला आणि १९२० च्या दशकापासून न्यूयॉर्कमध्ये त्याच्या तबकड्या निघू लागल्या. त्या टपालानं, ट्रंकेतून आयर्लंडला परत आल्या. गावात एक ग्रामोफोन आणि भोवती अख्खा गाव. ते वादन इतकं सफाईदार, की काही जुन्या वादकांनी ते ऐकून आपलं फिडल खुंटीला टांगलं ते कायमचं, असं सांगतात. 'टारबोल्टन', 'लाँगफर्ड कलेक्टर', 'सेलर्स बॉनेट' या तीन रील कोलमननं ज्या क्रमानं वाजवल्या, त्याच क्रमानं आजही जगभरच्या बैठकींत वाजतात. पहिली सुरू झाली की उरलेल्या दोन कुणी सांगाव्या लागत नाहीत. एका माणसाच्या तीन मिनिटांनी हजारोंचे हात घडवले. आणि त्याच तीन मिनिटांखाली कित्येक गावांची आपली अशी वळणं दबून गेली. दोन्ही खरं आहे.

आज तर खिशातच ग्रामोफोन. बैठकीत नवखा माणूस फोन टेबलावर ठेवतो, धून उतरवून घेतो, घरी शंभरदा ऐकतो. यात वाईट काहीच नाही, फक्त आधी विचारावं. पण नुसत्या फोनवरून घेतलेली धून बैठकीत वाजवून बघा, लगेच ओळखू येते. सूर सगळे बरोबर असतात, पण धुनेत श्वास कुठे घ्यायचा, कुठला सूर नाचणाऱ्याच्या पायाखाली यायला हवा, हे फोनमध्ये दिसत नाही. जाणता वादक शेजारी बसलेला असला तर वेगळं होतं. तो चार-चार सुरांचा तुकडा सावकाश वाजवतो, तुम्ही तो परत वाजवता. तो मान हलवतो, पुन्हा वाजवतो. अर्ध्या तासात एक भाग होतो. पुढच्या आठवड्यात तुम्ही सगळ्यांच्या मागे, हळू आवाजात तो लावून बघता. दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी म्हणतं, 'तूच सुरू कर ती.' त्यात त्या जाणत्याला काय मिळतं? पैसे नाहीत. एवढंच, की उद्या तुम्ही कुणाला ती दिलीत तर त्याचं नाव सांगाल.

अर्थात सगळीकडे असा गोडवा नसतो. वेगाची चढाओढ करणाऱ्या बैठकी आहेत, जिथे नवख्याला कुणी जागा देत नाही. इतक्या भरधाव वाजवतात की नाचणाऱ्याचे पाय मोडावेत! फिलाडेल्फियात प्लंबरचं काम करणाऱ्या एड रेव्हींनी शंभराहून अधिक धुना रचल्या. त्यांच्या धुना 'पारंपरिक' म्हणून बिनदिक्कत वाजवल्या जातात, रचणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. पण क्लेअरमधल्या मिलटाउन मॅलबे या छोट्या गावात जुलै महिन्यात चित्र निराळं दिसतं. विली क्लॅन्सी हे तिथले पाइपवादक आणि सुतार १९७३ च्या जानेवारीत वारले. त्याच वर्षी मित्रांनी त्यांच्या नावानं उन्हाळी वर्ग सुरू केले. शाळेच्या खोल्यांत, कुणाच्या ओसरीवर, बारा वर्षांची मुलगी आणि साठीचा जपानी गृहस्थ एकाच बाकावर बसून एकच रील तुकड्यातुकड्यानं शिकतात आणि रात्री पबमध्ये ती वाजवायचा धीर करतात.

ऐकायचं असेल तर कुठून सुरुवात करावी? माझी शिफारस एकच. जो कूली हे गॅलवे परगण्यातल्या पीटर्सवेल गावचे ॲकॉर्डियनवादक. अनेक वर्षं अमेरिकेत काढली, तिथल्या पोरांना धुना दिल्या. 'कूलीची रील' आज शिकाऊ वादकाच्या पहिल्या दहा धुनांत असते. कर्करोग झाल्यावर ते गावी परतले. नोव्हेंबर १९७३ मध्ये गावच्या पबमध्ये त्यांची बैठक झाली, सोबत बँजोवर एक मित्र आणि बाउरॉनवर सख्खा भाऊ जॅक. ती ध्वनिमुद्रित केली गेली. डिसेंबरमध्ये कूली गेले, वय एकोणपन्नास. १९७५ साली ती तबकडी निघाली आणि आजही मिळते. लावा आणि डोळे मिटून बसा. धुनेच्या मागे माणसांची कुजबुज आहे, फरशीवर आपटणारे पाय आहेत, आणि एक रील सोडून दुसरीत शिरताना कुणीतरी न राहवून आरोळी ठोकतो.